जानेवारीतला पोर्तुगाल: एकटीच्या घराचा शोध

पोर्तुगालमध्ये घर बघायला जायचं ठरलं तेव्हा बहुतेकांनी सल्ला दिला, मे महिन्यात जा, हवा छान असते. मी जानेवारीचं तिकीट काढलं. मे महिन्यात कुठलंही गाव राहण्याजोगं वाटतं. मला तिथे उरलेलं आयुष्य काढायचं आहे, आणि माणूस आजारी पडतो, पाय घसरून पडतो, एकटेपणानं कासावीस होतो ते थंडी-पावसाच्या दिवसांतच जास्त. तेव्हा ते दिवसच आधी बघायचे होते.

मी सहासष्ट वर्षांची आहे आणि लग्न केलेलं नाही. भाऊ-बहीण आहेत, भाचरं आहेत, त्यांची माया आहे. पण दुखण्याखुपण्याला कुणी धावून येईल असं गृहीत धरून मला म्हातारपणाचा बेत आखायचा नाही. परदेशच का, याचंही उत्तर माझ्यापाशी आहे. एकट्या बाईनं संध्याकाळी पायी फिरावं, कॉफीच्या टेबलाशी तासभर पुस्तक वाचत बसावं, आणि यात कुणाला काही वेगळं वाटू नये, असं म्हातारपण मला हवं आहे. पोर्तुगाल यादीत वर आला तो डी-७ व्हिसामुळे, म्हणजे स्वतःच्या नियमित उत्पन्नावर तिथे राहू देणाऱ्या व्हिसामुळे. त्याला वयाची वरची मर्यादा नाही. पेन्शन, व्याज, घरभाडं असं काम न करता मिळणारं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं दाखवावं लागतं. २०२५ मध्ये तो आकडा महिना ८७० युरो होता. शिवाय जागतिक शांतता निर्देशांकात हा देश त्या वर्षी सातवा होता. अर्थात निर्देशांक देशाचा असतो आणि राहायचं असतं एका गल्लीत, एका जिन्यावर. ती गल्ली शोधायला मी निघाले.

रविवार, लिस्बन

सकाळपासून भुरभुर पाऊस. लिस्बनच्या पदपथांवर चुनखडीचे छोटे चौकोनी दगड हातानं बसवलेले असतात, पांढऱ्या-काळ्या नक्षीचे. फोटोत फार देखणे दिसतात. ओले झाले की त्यांच्यावर पाय ठरत नाही. उतारावर तर मी भिंत धरून चालले, आणि माझ्या पुढे चालणाऱ्या तिथल्या म्हाताऱ्या बायाही भिंत धरूनच चालत होत्या. शहर टेकड्यांवर वसलेलं, त्यामुळे चढ किंवा उतार यातून सुटका नाही. ज्या २८ नंबरच्या ट्राममुळे हा चढउतार सोपा व्हावा, ती पर्यटकांनी खचाखच भरलेली. हातात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई दोन ट्राम सोडून शेवटी पायीच निघाली.

ग्रासा भागात एक घर बघितलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना अरुंद आणि वर वर अधिकच उभा. खिडकीतून तेजो नदी दिसते. एजंट तरुण होता, भराभर वर गेला आणि नदीचं कौतुक करू लागला. मी त्याला विचारलं, तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं? एक आजी राहतात, म्हणाला. गुडघ्यांमुळे बरेच महिने खाली उतरलेल्या नाहीत, सामान शेजारी आणून देतात. नदीपेक्षा ही माहिती माझ्या कामाची होती. त्या आजीही कधीतरी चाळिशीत तो जिना सहज चढत असतील. घर निवडताना आपण आजच्या पायांनी निवडतो, आणि राहायचं असतं पंधरा वर्षांनंतरच्या पायांनी. तिथून पुढे लिफ्ट नसलेलं घर बघायचंच नाही, हे मी एजंटांना आधीच सांगू लागले.

अव्हेनिदाश नोव्हाश हा भाग सपाट, रुंद रस्त्यांचा, लिफ्टवाल्या इमारतींचा. तो मला आवडला. पण लिस्बनमध्ये एका बेडरूमच्या घराचं भाडंच व्हिसासाठी लागणाऱ्या किमान उत्पन्नाच्या पुढे जातं. व्हिसाचा आकडा गाठला म्हणजे राजधानीत राहता येईल, असं कुणी समजू नये. तो आकडा ही सरकारनं ठेवलेली खालची रेघ आहे. त्यात जगण्याचा हिशेब बसेलच असं नाही.

सोमवार, लिस्बन

आजचा दिवस वकीलबाईंकडे गेला. दिवसभरात एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलं नाही, तरी सगळ्या प्रवासातला हा मला सर्वांत मोलाचा दिवस वाटतो.

आधी क्रम समजून घेतला. पहिला 'निफ', म्हणजे करदात्याचा क्रमांक. त्याशिवाय बँकेत खातं नाही, भाडेकरार नाही, विजेचं कनेक्शनही नाही. मग बँक खातं, त्यात वर्षभराच्या किमान वेतनाइतकी शिल्लक. मग घराचा पुरावा, शक्यतो वर्षाचा नोंदणीकृत करार. पोलिसांचा चारित्र्य दाखला, आरोग्य विमा. व्हिसा मिळतो तो चार महिन्यांचा. त्या मुदतीत तिथे पोचून निवास परवाना घ्यायचा. परवाना आधी दोन वर्षांचा, नूतनीकरण तीन वर्षांचं. या काळात सलग सहा महिने, किंवा तुकड्यातुकड्यांनी एकूण आठ महिने यापेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर परवाना धोक्यात येतो. ज्यांना 'सहा महिने इथे, सहा महिने तिथे' असं करायचं आहे, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. पाच वर्षांनी कायम निवासासाठी अर्ज करता येतो आणि त्यासाठी ए-२ पातळीचं, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरतं पोर्तुगीज लागतं.

परवाना देणारं 'आइमा' हे खातं ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनं खातं बंद करून सुरू झालं, आणि वारशात त्याला सुमारे साडेतीन लाख तुंबलेली प्रकरणं मिळाली. वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, "तारीख मिळायला वेळ लागेल, तेवढा धीर आणि तेवढे पैसे बाजूला ठेवूनच या." कराचंही त्यांनी गोड करून सांगितलं नाही. २००९ पासून परदेशी निवृत्तांना ओढून घेणारी जी सवलत योजना होती ती नव्या लोकांसाठी आता बंद झाली आहे. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलं की आपण तिथले करदाते होतो, आणि पेन्शन तिथल्या चढत्या दरांत मोजली जाते. दोन देशांमधला दुहेरी कर टाळण्याचा करार वाचून मगच गणित मांडावं.

मग मी माझे खरे प्रश्न काढले. मी बेशुद्ध पडले तर माझ्या वतीनं निर्णय कोण घेणार? मी गेले तर?

पहिल्याचं उत्तर ऐकून मला खूप हलकं वाटलं. पोर्तुगालमध्ये २०१२ च्या कायद्यानं 'टेस्टामेंटो व्हिटाल' करता येतं: कुठले उपचार हवेत, कुठले नकोत हे आधीच लिहून राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवायचं, आणि आपल्या वतीनं डॉक्टरांशी बोलणारा एक प्रतिनिधी नेमायचा. तो नातेवाईक असायला हवा अशी अट नाही. मैत्रीण चालते, शेजारीण चालते. कागद पाच वर्षं चालतो, मग पुन्हा नवा करायचा. नोंदणीला सरकारी आरोग्यसेवेचा क्रमांक लागतो, म्हणजे परवाना मिळाल्यावर लगेच करायच्या कामांत हे पहिलं.

दुसरं उत्तर जरा गुंतागुंतीचं. युरोपीय संघाच्या नियमानुसार, जो ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे, माणूस जिथे कायम राहत होता तिथला वारसा कायदा लागतो. पण मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. निवड केली नाही तर मागचे लोक घोळात पडतात. शिवाय नवरा, मुलं, आई-वडील यांना पोर्तुगालमधल्या मालमत्तेवर वारसा कर नाही, पण भाची-पुतण्यांना, मैत्रिणीला १० टक्के मुद्रांक कर भरावा लागतो. लग्न न केलेल्या बाईचे वारस बहुधा याच दुसऱ्या गटातले असतात. स्थलांतराचे सल्ले जोडप्यांना समोर ठेवून लिहिलेले असतात, म्हणून ही ओळ त्यांत सापडत नाही. मला ती फार महत्त्वाची वाटली, आणि घर विकत न घेता भाड्यानं राहायचं हे माझं मन तिथेच पक्कं झालं.

उठता उठता वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. रहिवासाचा दाखला 'जुंता द फ्रेगेझिया' देते, म्हणजे वॉर्डाएवढ्या भागाची स्थानिक पंचायत. अनेक ठिकाणी त्यासाठी त्या भागातल्या मतदारयादीतले दोन साक्षीदार लागतात: ही बाई इथे राहते, आम्ही हिला ओळखतो, असं सही करून सांगणारे. "तुम्ही गावं बघायला चालल्या आहात ना," त्या म्हणाल्या, "मग प्रत्येक ठिकाणी हे दोघं कोण असतील ते बघा."

मंगळवार आणि बुधवार, ताविरा

दक्षिणेतल्या फारो शहरापर्यंत लांब पल्ल्याची गाडी, पुढे छोटी लोकल. पासष्टीनंतर रेल्वेचं तिकीट निम्म्या दरात मिळतं. ओळखपत्र पुढे केलं की झालं. खिडकीतून संत्र्यांच्या बागा दिसायला लागल्या आणि ढग फाटले.

ताविरा दक्षिण किनाऱ्यावरचं लहान, पांढऱ्या घरांचं गाव. मधून जिलाँव नदी, पलीकडे मिठागरं आणि त्यांत उभे रोहित पक्षी. जानेवारीतही दुपारी कोट काढून बसता आलं. इंग्रजी सगळीकडे चालतं, कारण उत्तर युरोपातले निवृत्त लोक इथे मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या वाचनगटात मला लगेच बोलावणं आलं. लोक मनमोकळे होते, आणि पहिल्याच संध्याकाळी इतकी माणसं ओळखीची व्हावीत हे सुख मी नाकारणार नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी चौकशी करत गेले तसतसं मन मागे येत गेलं. वाचनगटात बहुतेक जोडपी होती. दोघांतलं एक गेलं की उरलेलं माणूस काय करतं, असं मी एका सत्तरीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक जण वर्षभरात मुलांकडे परत जातात." ज्या गोतावळ्यावर विसंबायचं तोच दरवर्षी उठून जाणार. आणि त्यांतल्या कितीजणांची नावं इथल्या मतदारयादीत असतील?

घरांचं आणखी वेगळं. एजंटनं दाखवलेल्या दोन्ही घरांचा करार ऑक्टोबर ते मे एवढाच मिळत होता. उन्हाळ्यात मालक ती घरं पर्यटकांना देतात, त्यात त्यांना आठ महिन्यांची कमाई दोन महिन्यांत होते. तरुण माणूस उन्हाळ्यापुरतं सामान मित्राकडे ठेवून फिरायला जाईल. सत्तरीत दरवर्षी बिऱ्हाड हलवणं मला जमणार नाही. मोठं इस्पितळ फारोला, तीसेक किलोमीटरवर. रात्री नऊला बाहेर पडले (हा माझा प्रत्येक गावातला नेम होता) तर नदीकाठच्या निम्म्याहून अधिक खिडक्या अंधाऱ्या. घरं आहेत, माणसं जूनमध्ये येतात. ऊन मात्र खरोखर सुंदर होतं. ज्यांच्या सांध्यांना ऊन हेच औषध आहे आणि जवळ गाडी आहे, त्यांनी ताविरा जरूर बघावं.

गुरुवार, काल्दाश दा राइन्या

लिस्बनहून बसनं सव्वा तास. राणी लिओनोरनं १४८५ मध्ये इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर इस्पितळ उभारलं आणि त्याभोवती गाव वाढलं. भर चौकात रोज सकाळी उघड्यावर फळबाजार भरतो, आणि तो पर्यटकांसाठी नाही, गावासाठी आहे. सफरचंदं विकणाऱ्या बाईनं मला पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं, मी शिकलेली चार वाक्यं वापरली, तिनं माझं एक क्रियापद सुधारलं आणि एक सफरचंद जास्त टाकलं.

गावाचा मधला भाग बराचसा सपाट, बाजार, उद्यान आणि इस्पितळ सगळं पायी. भाडी लिस्बनच्या मानानं खूप खाली. इथे मला वाटू लागलं की शोध संपला.

मग घरात शिरले. बाहेर बारा अंश, आत त्याहून गार. पोर्तुगालमधल्या जुन्या घरांना गरम ठेवण्याची सोयच नसते: एकेरी काचा, उघड्या दगडी भिंती, एखादा चाकांवरचा हीटर. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पाहणीत घर पुरेसं उबदार ठेवू न शकणाऱ्या लोकांचं प्रमाण पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये सर्वांत जास्त, २०.८ टक्के होतं. हे वाचलेलं होतं. पण बेडरूममधलं कपाट उघडलं तेव्हा ते कळलं. मागच्या फळीवर काळी बुरशी, आणि ओलीचा जड वास. मालकानं दोन दिवसांपूर्वीच भिंती रंगवल्या होत्या, कपाटाची पाठ मात्र राहून गेली होती. माझा सगळ्या शोधणाऱ्या बायकांना आग्रह आहे: घर बघायला जाल तेव्हा कपाटं उघडा, उत्तरेकडच्या भिंतीला हात लावा, आणि ऊर्जा प्रमाणपत्र मागा. घर भाड्यानं देताना ते असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ए-प्लस (सर्वांत चांगली) ते एफ (सर्वांत वाईट) अशा श्रेणी असतात. या घराची श्रेणी एफ होती. मे महिन्यात आले असते तर हे घर मी घेतलं असतं.

दुसरं घर त्याच गावात बरं निघालं, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. काल्दाश मी यादीतून काढलं नाही. योग्य इमारत मिळाली तर तिथे राहायला मला आवडेल.

शुक्रवार, कोइंब्रा

१२९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचं शहर, आणि देशातल्या मोठ्या विद्यापीठ-इस्पितळांपैकी एक इथेच. वैद्यकीय सोयीचा एकच निकष असता तर शोध इथेच थांबला असता. पण शहर टेकडीवर चढत जातं. विद्यापीठाकडे जाणाऱ्या मोठ्या जिन्याला १२५ पायऱ्या आहेत. खालच्या भागातली घरं विद्यार्थ्यांना खोल्याखोल्यांनी दिलेली, तेव्हा शेजार दरवर्षी बदलणार. दिवसभर मुसळधार पाऊस होता. संध्याकाळी एका कॅफेत एकटी बसले होते, शेजारच्या टेबलावरच्या दोन विद्यार्थिनींनी माझ्या वहीतल्या शब्दांचे उच्चार करून दाखवले. शहर प्रेमळ आहे. माझ्या गुडघ्यांसाठी नाही.

आरोग्यसेवेबद्दल थोडं इथेच लिहिते. 'एसएनएस' ही सरकारी आरोग्यसेवा १९७९ पासूनची आहे आणि परवानाधारक परदेशी माणसालाही ती मिळते. २०२२ पासून बहुतेक तपासण्यांचं शुल्कही उरलेलं नाही. पण पंधरा लाखांहून जास्त लोकांना अजून स्वतःचा फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही, आणि नवीन येणारा या रांगेच्या शेवटी उभा राहतो. म्हणून लोक खासगी विमाही घेतात. आणि वय वाढलं की नव्या ग्राहकाला घ्यायला बऱ्याच विमा कंपन्या तयार नसतात. ही गोष्ट जायच्या आधी मिटवायची आहे. तिथे गेल्यावर बघू, असं म्हणून चालणार नाही.

शनिवार, आवेरो

कोइंब्राहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. स्टेशनातून बाहेर पडले आणि समोर एक लांबलचक, सरळ, सपाट रस्ता. चाकांची बॅग ओढत थेट कालव्यापर्यंत चालत गेले, एकदाही न थांबता. अनेक दिवस चढउतार काढल्यावर त्या सपाटीचा मला झालेला आनंद सांगून समजणार नाही.

आवेरो खाडीकाठचं शहर. कालव्यांतून रंगीत होड्या पर्यटकांना फिरवतात, पण दोन गल्ल्या आत गेलं की साधं नांदतं गाव: शाळा सुटते, न्हाव्याच्या दुकानात गप्पा चालतात, म्हातारी माणसं सायकलवरून पाव आणायला जातात. सत्तरीच्या बायका सायकल चालवताना मी पोर्तुगालमध्ये इथेच पाहिल्या. विद्यापीठ आहे, त्याच्या जवळच इस्पितळ आहे, आणि पोर्तोला जाणारी उपनगरी गाडी दिवसभर चालू असते. दोष म्हणजे वारा आणि दमट हवा. मिठागरांवरून येणारा वारा हाडांत शिरतो, आणि कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत.

रात्री नऊला बाहेर पडले. कालव्याच्या मागच्या वस्तीत खिडक्यांतून दिवे होते, जेवणाची भांडी वाजत होती, एक मुलगा अडखळत पियानोचा सराव करत होता.

रविवार, आवेरो

आज एक घर बघितलं आणि बराच वेळ तिथेच रमले. १९९० च्या सुमाराची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट, दक्षिणेकडे खिडक्या, दुहेरी काचा, ऊर्जा श्रेणी सी. कपाटं उघडली, कोरडी. तळमजल्यावर हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान. घरमालकीण साठीची. तिनं चहा केला आणि समोरच्या दारावरच्या शेजारणीलाही बोलावलं.

शेजारीणबाई निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरीच्या, एकट्या. त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि समोरची इमारत दाखवली. इथल्या खिडक्यांना बाहेरून गुंडाळीची झडप असते. रात्री खाली, सकाळी वर. "आम्ही चौघी आहोत, सगळ्या एकट्या. नऊपर्यंत झडप वर गेली नाही तर फोन करायचा. फोन उचलला नाही तर किल्ली आहे." चौघींच्या किल्ल्या एकमेकींकडे आहेत. यासाठी त्यांनी कुठली संस्था काढली नाही, ॲप घेतलं नाही.

मी त्यांना गावाकडच्या एकट्या वृद्धांची शोधयादी करणाऱ्या राष्ट्रीय गार्ड या पोलीसदलाच्या मोहिमेबद्दल विचारलं. दरवर्षी जवान घरोघर जातात आणि एकटे किंवा एकाकी राहणाऱ्या चाळीस हजारांहून अधिक वृद्धांची नोंद ठेवतात. त्या म्हणाल्या, ते खेड्यांसाठी फार चांगलं आहे, आमच्या जिन्यावर मात्र आम्हीच गार्ड. २०२१ च्या जनगणनेत या देशात दर १०० मुलांमागे १८२ वृद्ध होते. म्हाताऱ्यांचा देश म्हणून त्याची काळजी केली जाते. मला मात्र वाटलं, जिथे म्हातारपण सगळीकडे दिसतं तिथे ते लपवावं लागत नाही, त्याच्या सोयीही लोकांनी करून ठेवलेल्या असतात. शेजारीणबाई ज्येष्ठांच्या विद्यापीठात गायनवृंदात गातात. अशी शेकडो विद्यापीठं देशभर आहेत, परीक्षा नाही, पदवी नाही. "तुम्ही आलात की पोर्तुगीजच्या वर्गाला नाव घाला, आणि चुकत माकत गा," असं म्हणून त्यांनी मला वेळापत्रकाचा कागदही दिला.

मग मी तो अवघड प्रश्न विचारला. मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराविरुद्ध बोलणारा शेगा पक्ष संसदेत दुसऱ्या क्रमांकावर गेला. माझ्या रंगाची, अडखळत बोलणारी बाई या जिन्यावर आली तर? घरमालकीण गप्प झाली. शिक्षिकाबाईंनी मात्र थेट उत्तर दिलं: "या इमारतीतही त्या पक्षाला मत देणारे आहेत. कोण आहेत ते मला माहीत आहे. त्यांतल्या एकाला मी लिहायला शिकवलंय. नमस्काराचं 'बोआ तार्द' म्हणायला तो चुकणार नाही, त्यापुढची हमी मी देऊ शकत नाही." सगळं छान आहे असं त्या म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता.

निघताना जुंतेच्या दाखल्याचं विचारलं. "दोन सह्या ना?" त्या म्हणाल्या, आणि घरमालकिणीकडे बोट केलं. "एक ही, एक मी. पण आधी इथे राहायला या. खोटी सही मी करणार नाही."

सोमवार, आवेरो

सकाळी त्या घरापासून इस्पितळापर्यंत हळूहळू, काठी टेकत चालणाऱ्याच्या गतीनं चालून पाहिलं. वाटेत दोन ठिकाणी बसायला बाक आहेत, रस्ता ओलांडताना पुरेसा वेळ हिरवा दिवा राहतो. मग बसनंही गेले. आरोग्य केंद्रात जाऊन बाकावर बसले. खिडकीवरच्या बाईला इंग्रजी जेमतेम येत होतं, पण तिनं कागदावर लिहून, घड्याळ दाखवून समजावलं. एटीएमवरून वीजबिल कसं भरतात ते शेजारीणबाईंनी दाखवलं. या सपाट, वारा सुटलेल्या शहरात माझी साधी कामं मला एकटीला करता येतील, एवढी खात्री दुपारपर्यंत झाली.

संध्याकाळी घरमालकिणीशी करार बोलले. एक वर्षाचा, नोंदणीकृत. कायद्यानं अनामत दोन महिन्यांची आणि आगाऊ भाडं दोन महिन्यांचं, याहून जास्त मागता येत नाही, आणि तिनं मागितलंही नाही. तिला जामीनदार हवा होता. माझ्याकडे तो नाही. त्याऐवजी पेन्शनचे कागद आणि बँकेची पत्रं चालतील का विचारलं. तिनं रात्रभर विचार करते म्हटलं.

मंगळवार, पोर्तोची गाडी

गाडी निघायच्या आधी फोन आला. चालेल, म्हणाली. मे अखेरीपर्यंत घर दुसऱ्या कुणाला देणार नाही, तोवर वकिलामार्फत करार आणि निफ व्हायला हवं.

गाडीत बसून पुढच्या कामांची यादी केली. वकीलबाईंना अधिकारपत्र पाठवायचं. विमा कंपन्यांना वय सांगून लेखी उत्तर मागायचं. मृत्युपत्र नव्यानं करायचं, त्यात कायद्याची निवड स्पष्ट लिहायची, आणि भाचीला बसवून सगळे कागद समजावून सांगायचे. घर विकायचं नाही. पहिली दोन वर्षं तरी परतीचं दार उघडं ठेवायचं. दमट हवा शोषणारं यंत्र कुठलं घ्यावं ते शिक्षिकाबाईंनी आधीच लिहून दिलं आहे. व्हिसाला नकार आला तर काल्दाशच्या एजंटला कळवायची गरज नाही, कारण मग सगळंच नव्यानं मांडावं लागेल. पण करार फिसकटला तर त्याला लगेच फोन करायचा, लिफ्टवाली इमारत आली का ते विचारायचं. पोर्तुगीजच्या शिकवणीला मी नाव घातलं आहे, वर्ग येत्या सोमवारपासून आहे.